कोणी साहेब नाही, मग चूक कोणाची म्हणायची?

सोल्डरवाली:

भोसरीत आमचा छोटा कारखाना आहे, माणसं २२. ठिबक सिंचनाचे कंट्रोलर बनवतो. गेल्या पाडव्याला मालकांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, आजपासून इथे कोणी मॅनेजर नाही, कोणी साहेब नाही, ज्याचं काम त्याने ठरवायचं. मलाही सर म्हणू नका, दादा म्हणा. पेढे वाटले. प्रॉडक्शन मॅनेजरच्या काचेच्या केबिनमध्ये आता कुरिअरची खोकी असतात. (मॅनेजर आमच्यातच आहेत, टेस्टिंगला बसतात, आणि पूर्वीपेक्षा खूश दिसतात.)

मला हे आवडलं होतं. अजूनही आवडतं. पण मागच्या महिन्यात जे झालं ते डोक्यातून जात नाही.

मंगळवारी रिलेचा (विजेवर ओढल्या जाणाऱ्या खटक्यांचा) माल आला, १,२०० नग. एका बोर्डावर चार, म्हणजे ३०० बोर्डांचा माल. मी सोल्डरिंगला असते. पहिली ट्यूब उघडली तेव्हाच दिसलं, निळ्या टोपीवर कॉइलचा, म्हणजे खटका ओढणाऱ्या आतल्या गुंडाळीचा, व्होल्टेज २४ छापलाय. आमचा सप्लाय १२ चा. रंग, आकार, पाय सगळं तेच, फक्त आकडा वेगळा. मी तो वाचला. वेड्यासारखा अंगठ्याने पुसूनही पाहिला. मग मनात म्हटलं, डिझाइन बदललं असेल. खरेदी बघणारे काका माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, त्यांना मी काय विचारायचं? आणि आता तर त्यांचं काम तेच ठरवणार ना! लावत सुटले.

शुक्रवारी टेस्टिंग. आमच्याकडे बोर्ड पास झाला हे आधी कानाला कळतं, टक्, टक्, टक्, टक्, चारही रिले ओढले गेले. त्या दिवशी टेबलावर शुकशुकाट. २४ ची कॉइल १२ वर कुठली ओढतेय? दुसरा बोर्ड, तिसरा बोर्ड, तेच. मला मान वर करवेना.

मीटिंगमध्ये दादा म्हणाले, कोणाला बोल लावायचा नाही, ही आपल्या सगळ्यांची चूक. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या पोटात मात्र ढवळलं. सगळ्यांची नव्हती हो! ऑर्डर एकाने दिली आणि बघून गप्प मी बसले. पण तेव्हाही बोलले नाही. पुढे चार दिवस आम्ही तिघी ते रिले काढायला डिसोल्डरिंग पंप घेऊन बसलो. बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक उखडून ३१ बोर्ड भंगारात गेले.

तर विचारायचं हे की, माझ्यावर कोणी नाही आणि मीही कोणाच्या वर नाही, तर दुसऱ्याच्या कामात तोंड घालायचा हक्क मला कुठून आला? आणि काकांशी आता बोलू तरी कशी?

जुना फिटर:

ताई, टूलरूम आणि असेंब्ली मिळून ३४ वर्षं काढली, म्हणून लिहितो.

टोयोटाच्या लाइनवर कामगाराच्या हाताशी दोरी असायची, अँडनची, म्हणजे काही बिघडलं की इशारा द्यायची (आता बऱ्याच ठिकाणी तिच्या जागी बटण आहे). कोणीही ओढू शकायचा. लोक एवढंच सांगतात आणि टाळ्या घेतात. पुढचं असं की इशारा दिला की टीम लीडर लगेच तिथे येतो, दोघं मिळून बघतात, आणि गाडी ठरल्या खुणेपर्यंत जाईतो सुटलं नाही तरच लाइन थांबते. मी होतो त्या एका कारखान्यातही तशी दोरी बसवली होती. पहिल्यांदा ज्या पोराने ओढली त्याला सगळ्यांदेखत विचारलं, 'काय घाई झाली होती रे?' वर्षभरात दोरीवर जळमटं.

तुमच्या दादांनी दोरी बांधली आणि धावून येणारा माणूस टेस्टिंगला बसवला. तो कोण, हे आधी ठरवा.

तोवर लाल ट्रे ठेवा. शंका आली की माल लाल ट्रेत, वर चिठ्ठी, तारीख, आपलं नाव. काकांना उलट बोलल्यासारखं होत नाही आणि माल पुढेही जात नाही. अन् एक सांगा, इनवर्ड इन्स्पेक्शन, म्हणजे आलेल्या मालाची तपासणी, कोण करतं? १,२०० नगांतले पाच तरी कोणी काढून बघितले का?

एन्सखेडेकर:

मी नेदरलँड्समध्ये असते. आमची शेजारीण ब्यूर्तझोर्खमध्ये नर्स आहे. घरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणारी ही संस्था २००६ साली योस द ब्लोक यांनी काढली, ते स्वतः नर्स. एका टीममध्ये जास्तीत जास्त १२ जण, वर मॅनेजर नाही. कोच असतो, पण त्याला हुकूम सोडता येत नाही. मला वाटायचं, काय मजा आहे! ती म्हणाली, मजा कसली, ड्यूट्या लावणं कोणाकडे, हिशोब कोणाकडे, नव्या मुलीला शिकवणं कोणाकडे, सगळं नावानिशी ठरलेलं असतं, आणि ती कामं फिरती ठेवतात. नाहीतर एकच बाई गुपचूप साहेब होऊन बसते.

हक्काचं म्हणाल, तर गोअर-टेक्स हे पावसात न भिजणारं कापड बनवणाऱ्या गोअर कंपनीची एक रीत मला पटते. होडीला पाण्याच्या रेषेच्या वर भोक पडणार असेल तर खुशाल स्वतः ठरवा, खाली पडणार असेल तर आधी चार जणांना विचारा. रिले बदलणं रेषेच्या खालचं. काकांनीच विचारायला हवं होतं, तुम्ही नंतर.

फुकट सल्ला:

सगळे एवढे भारावलेत म्हणून विचारतो. पगारवाढ कोण ठरवतं? नफ्यात तुमचा वाटा किती?

लिज्जत घ्या. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. तिथे लाटणारी प्रत्येक बेन मालक. संचालिका असतात, पण त्याही लाटणाऱ्यांतूनच आलेल्या. पापड बिघडला तर तिचं स्वतःचं जातं, म्हणून ती बोलते. तुमच्याकडे मालकी दादांची आणि जबाबदारी २२ जणांची. ३१ बोर्ड कोणाचे गेले, सांगा बरं!

सोल्डरवाली:

सगळ्यांचे आभार. फिटरकाका, तुमचा प्रश्न बरोब्बर लागला. इनवर्ड इन्स्पेक्शन मॅनेजर करायचे. त्यांचं पद गेलं त्यासोबत ते कामही गेलं आणि २२ जणांत एकालाही कळलं नाही. मी मागून घेतलंय, तीन महिने मी, मग दुसरं कोणी. ट्रे लाल मिळाला नाही, नारिंगी आहे.

काकांकडे रिले घेऊन गेले. म्हटलं, "काका, मी मंगळवारीच हा आकडा वाचला होता." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "वाचला होतास?" हो म्हटलं. बराच वेळ गप्प. मग सांगितलं, सप्लायरकडे १२ चे संपले होते, तो फोनवर म्हणाला हेही चालतील. "पूर्वी मॅनेजरांच्या सहीशिवाय ऑर्डर जायची नाही. आता म्हटलं आपणच ठरवायचंय."

दोन दिवस त्यांनी डबा एकट्याने खाल्ला. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर नव्या ऑर्डरचा कागद, पार्ट नंबरखाली लाल रेघ, बाजूला 'बघून सांग'. एक कपॅसिटर चुकीचा होता. सांगितलं.

फुकट सल्ला, तुमचा प्रश्न मी जसाच्या तसा दादांना विचारला. म्हणाले, चहा घेत बोलू. चहा झाला. बोलणं सोमवारवर गेलंय.