मदत हवी आहे: बोंगो घ्यावा की कोंगो?

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, महालात राहतो. शाळेत असताना भजनात ढोलकी वाजवायचो, नोकरीत ते सुटलं. आता पुन्हा हाताने वाजवायला शिकायचंय आणि गाडी एकाच प्रश्नावर अडली आहे: बोंगो (दोन छोट्या ढोलांची जोडी) की कोंगो (उंच, मोठा ढोल)?

परवा सीताबर्डीच्या एका दुकानात दोन्हींवर हात ठेवून पाहिला. बोंगो गुडघ्यांत धरला. साधारण ७ आणि साडेआठ इंचांची तोंडं, बोटांनी वाजवलं की टणटणीत बोल. दहाच मिनिटांत तर्जनीचं पेर लाल झालं. मग कोंगोवर तळहात मोकळा सोडला आणि तो खोल, गोल आवाज थेट छातीत उतरला. खरं सांगतो, मन तिथेच राहिलंय! पण एक कोंगो म्हणजे अडीच फुटांचं पिंप. घर दोन खोल्यांचं, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी दुपारी झोपतात.

जाणकारांनो, ओपन टोन, स्लॅप, बेस हे हाताचे मूळ ठोके आधी कोंगोवर पक्कं केलं तर बोंगो सोपा जातो का? की उलट? ढोलकीची सवय आड येते का?

दुसरी काळजी पानाची, म्हणजे वाद्याच्या तोंडावरच्या कातड्याची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, कातडं ताणून फाटायची भीती. पावसाळ्यात तेच सैल पडणार. रोज वाजवून झाल्यावर पान ताणणारे नट सैल करून ठेवणारे कोणी आहात का? सिंथेटिक पान टिकेल, पण मला त्याचा आवाज कोरडा वाटला.

बजेट १५ हजार, वापरलेलं वाद्यही चालेल. महाल-धरमपेठ भागात कोणी शिकवत असेल तर नक्की कळवा.