विषय: इथला स्मार्ट थर्मोस्टॅट सोलापूरच्या एसीला चालेल का?

प्रेषक: फीनिक्सहून

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात सोलापूरला जाणाऱ्या तिघाचौघांनी एकच प्रश्न विचारलाय, म्हणून सगळ्यांनाच लिहिते. इथल्या भिंतीवरचा स्मार्ट थर्मोस्टॅट बॅगेत घालून नेला, तर आईबाबांच्या एसीला जोडता येईल का?

नाही येणार. घेऊन ठेवला असेल तर परत करून टाका.

इथल्या घरात एअर हँडलरमध्ये, म्हणजे सगळ्या घराला गार हवा देणाऱ्या आतल्या यंत्रात, एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो २४ व्होल्ट देतो. थर्मोस्टॅट त्या २४ व्होल्टवर चालणारं एक हुशार बटण आहे. त्याच्या वायरींना आर (R), वाय (Y), जी (G) आणि सी (C) अशी अक्षरांची नावं असतात. आर वायरीतून वीज येते. ती वायला जोडली की बाहेरच्या कॉम्प्रेसरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे त्याला वीज देणारा मोठा स्विच, ओढला जातो, जीला जोडली की आतला पंखा फिरतो, आणि सी ही परतीची वायर. वाय-फायला सतत वीज लागते, ती सीमुळेच मिळते. सी नसेल तर काही थर्मोस्टॅट वायच्या वायरीतून चोरून वीज घेतात. मग बॅटरी उतरते, कॉन्टॅक्टर तडतडतो, कॉम्प्रेसर उगाच चालू-बंद होतो. बसवताना आर आणि सी एकमेकींना टेकल्या तर एअर हँडलरच्या बोर्डावरचा छोटा फ्यूज उडतो आणि थर्मोस्टॅटचा स्क्रीन काळा पडतो. आधी ब्रेकर पाडायचा, वायरींचा फोटो काढायचा, मगच हात लावायचा.

सोलापूरच्या स्प्लिट एसीत यातलं काहीही नाही. तापमानाचा सेन्सर आतल्या युनिटमध्येच, परतीच्या हवेच्या वाटेवर बसवलेला असतो. निर्णय तिथलाच सर्किट बोर्ड घेतो आणि आपण फक्त रिमोटने आज्ञा देतो. युनिटला येणारी वीज २३० व्होल्टची. तिथे २४ व्होल्टची डबी जोडली तर ती जळेल आणि एसीचा बोर्डही जाऊ शकेल.

बचत नेमकी कशातून होते तेही सांगते. अमेरिकेच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाच्या हिशोबाने स्मार्ट थर्मोस्टॅटमुळे घर गरम-थंड करण्याच्या खर्चात सरासरी ८ टक्के वाचतात. घरात कोणी नसताना तापमान वर जाऊ द्यायचं, झोपेच्या वेळेला साजेसं ठेवायचं आणि वीज महाग असते त्या तासांत कॉम्प्रेसर गप्प ठेवायचा, एवढंच ते यंत्र करतं. फीनिक्समध्ये तिसऱ्या गोष्टीला फार किंमत आहे. इथली वीज कंपनी एपीएस, तिच्या वेळेनुसार बदलणाऱ्या दरात सोमवार ते शुक्रवार दुपारी ४ ते ७ महाग. त्यामुळे १ ते ४ मध्ये घर ७५ फॅरेनहाइटपर्यंत उतरवून ठेवायचं आणि ७ पर्यंत ८१-८२ला सोडायचं. इथे एक खोड मोडून ठेवा. ६ वाजता गार घर हवं असं वेळापत्रकात लिहिलं, तर ‘आधीच सुरू करणारी’ सोय ५ वाजताच कॉम्प्रेसर लावते, म्हणजे ऐन महाग तासात. डिमांड चार्जची, म्हणजे महाग वेळेतल्या सगळ्यात जास्त वापराच्या तासावर आकार लावणारी योजना असेल तर महाग वेळेतला तो एक तास महिनाभराच्या बिलात दिसतो.

सोलापूरचं गणित वेगळं आहे. जुळे सोलापूरचे दादा एसीचंच काम करतात, पुढचं त्यांनी सांगावं.

प्रेषक: जुळे सोलापूरहून

नमस्कार ताई आणि मंडळी,

आपल्याकडे लागतो तो आयआर (इन्फ्रारेड) कंट्रोलर. मुठीत मावेल एवढी डबी, ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर चालते, रिमोटसारखे किरण सोडते आणि तिला स्वतःचा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर असतो. सेन्सर नसलेली स्वस्त डबी नुसती रिमोटची नक्कल आहे, ती घेऊ नका. एसीतच वाय-फाय असेल तर डबीची गरज नाही, पण त्याचा सेन्सर छताजवळच्या हवेचं तापमान मोजतो. पलंगाच्या उंचीवर काय आहे ते त्याला कळत नाही.

डबी आतल्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, एसीकडे तोंड करून लावा. पश्चिमेच्या भिंतीवर अजिबात नको. आपल्याकडे ती भिंत संध्याकाळी तव्यासारखी तापलेली असते, तिथला सेन्सर दोन-तीन अंश जास्त दाखवेल आणि एसी रात्रभर धावत राहील. एसीचा झोत थेट डबीवर येईल अशी जागाही नको, तिथे उलटं होतं. मध्ये पडदा किंवा कपाट आलं तर किरण पोचत नाहीत. यातल्या बहुतेक डब्या फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय पकडतात. राउटरवर दोन्ही पट्टे एकाच नावाने असतील तर जोडणी होता होत नाही, तेवढ्यापुरतं ५ गिगाहर्ट्झ बंद करा.

एसीचा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा नसतो, इथे बरेच जण अडकतात. प्रत्येक बटण दाबल्यावर तो सगळीच स्थिती पाठवतो: मोड, तापमान, पंख्याचा वेग, झडपा. तुमच्या एसीचा कोड डबीच्या यादीत नसेल आणि शिकवावा लागला, तर ‘तापमान वाढवा’ असं बटण शिकवून उपयोग नाही. रिमोटवर कूल, २६, पंखा मध्यम असं लावून ती पूर्ण स्थिती एक आज्ञा म्हणून शिकवा. २७ची दुसरी. बंदची तिसरी. काही जुन्या विंडो एसीत चालू आणि बंदला एकच बटण असतं, तिथे चालू आहे की बंद हे डबीला कळतच नाही. आणि आईने हातातला रिमोट दाबला तर अॅपवर जुनंच दिसत राहतं. परगावी बसून ‘बंद आहे’ असं वाचलं तरी खोलीचं तापमान काय म्हणतंय तेही बघा.

आता एसी कुठला आहे. साधा, म्हणजे एका वेगाचा कॉम्प्रेसर असेल, तर डबीला चालू-बंद करू द्यायला हरकत नाही. फरक दीड अंशाचा ठेवा, २६ला बंद तर साडेसत्तावीसला चालू, आणि मध्ये किमान ५ मिनिटं. गॅसचा दाब समान व्हायच्या आत कॉम्प्रेसर पुन्हा उठवला तर तो अडकतो, करंट वाढतो, ओव्हरलोड पडतो. इन्व्हर्टर एसीत असं चालू-बंद करू नका. तो वेग कमी करून रांगत चालतो तेव्हाच कमी वीज खातो. दर वीस मिनिटांनी बंद करून उठवला की पुन्हा जोरात पळतो आणि त्याचा फायदाच संपतो. तिथे डबीने फक्त तापमानाचा आकडा हलवायचा.

स्मार्ट प्लग लावून एसीची वीजच तोडायची, हे बरेच जण सुचवतात. कृपा करून नको. दीड टनाच्या एसीला १६ अँपिअरचं सॉकेट आणि स्वतःची वेगळी लाइन लागते, १० अँपिअरचा प्लग वितळतो. शिवाय चालत्या इन्व्हर्टर एसीची वीज मधेच कापली तर त्याला नीट थांबायला वेळ मिळत नाही, आणि परत वीज दिली तरी ऑटो रिस्टार्ट नसलेला एसी सुरू होत नाही.

आकडा किती ठेवायचा? ऊर्जा दक्षता ब्युरोच्या नियमाने १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे नवे रूम एसी सुरू होताना २४वरच येतात. ब्युरोचाच अंदाज असा की एक अंश वर गेलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. सोलापूरच्या कोरड्या हवेत २६ आणि वर छताचा पंखा मध्यम वेगावर, एवढं पुरतं. १८वर लावून सोलापुरी चादर ओढून झोपणारी घरं मी रोज बघतो. एसी १८वर ठेवला म्हणून खोली लवकर गार होत नाही, तो फक्त थांबायचं विसरतो.

वेळापत्रक असं चालतं: रात्री सव्वानऊला दारं-खिडक्या बंद करून २५. साडेदहाला २६. एकला २७. चारला बंद, पंखा चालू. मे महिन्यात पहाटे बाहेरची हवा पंचवीस-सव्वीसवर येते, तेव्हा चार ते सात खिडक्या उघडून त्या हवेने घर धुऊन घ्यायचं, आणि नऊच्या आत सगळं लावून पडदे ओढायचे. ताईंच्या फीनिक्सची घरं लाकडी सांगाड्याची, पटकन गार होतात आणि पटकन तापतात. आपला आरसीसी स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत ते खोलीत सोडतो. जुन्या माळवदाच्या घरात हे होत नसे, मातीचा जाड थर उष्णता खाली येऊच देत नसे. वरच्या मजल्यावर राहत असाल तर डबी घेण्याआधी गच्चीला पांढरा परावर्तक रंग लावा, निदान चुना मारा. तापलेल्या स्लॅबखाली कितीही शहाणं वेळापत्रक लावलं तरी एसी दमणारच.

बाहेरचं युनिट गच्चीवर पश्चिमेला असेल तर वर सावली द्या, पण चारही बाजूंनी पत्रा ठोकू नका. मागे वीतभर तरी जागा हवी आणि पुढची वाट मोकळी. आतली जाळी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुवा, आपल्याकडे धूळ फार.

प्रेषक: दुबईहून

नमस्कार,

आखाती देशातल्या सभासदांसाठी एक गोष्ट जोडतो. इथे बऱ्याच इमारतींत डिस्ट्रिक्ट कूलिंगचं, म्हणजे एका मोठ्या केंद्रात गार केलेलं, थंड पाणी येतं आणि छताच्या आत त्या पाण्यावरून हवा फिरवणारी फॅन कॉइल असते. भिंतीवर थर्मोस्टॅट दिसतो म्हणून अमेरिकेतला मागवू नका. इथला बहुतेक ठिकाणी थेट २३० व्होल्टवर चालतो आणि पंख्याच्या तीन वेगांच्या तीन वायरी व पाण्याच्या व्हॉल्व्हची एक अशी जोडणी असते. ‘फॅन कॉइल, २३० व्होल्ट, तीन वेग’ असं लिहिलेलाच घ्या, आणि तुमचा व्हॉल्व्ह दोन वायरींचा आहे की तीन, ते आधी उघडून बघा. कूलिंगच्या बिलातला मागणी आकार ठरलेला असतो, तो थर्मोस्टॅटने कमी होत नाही, फक्त वापराचा भाग होतो.

दादा, एक विचारतो. सोलापूरच्या घरात डेझर्ट कूलरही आहे. एसी आणि कूलर दोन्ही लावले तर एसीवरचा भार कमी होईल ना?

प्रेषक: जुळे सोलापूरहून

नाही होणार, वाढेल. कूलर हवेत पाणी घालतो आणि एसी तेच पाणी कॉइलवर गोळा करून नळीतून बाहेर टाकतो. त्या पाण्याच्या थेंबाथेंबासाठी तुम्ही बिल भरता. एका खोलीत एका वेळी एकच.

पण कूलर वाईट नाही, उलट एप्रिल-मेमध्ये तोच खरा. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओल्या फडक्याचं तापमान (पाणी उडून हवा जास्तीत जास्त जिथपर्यंत गार होऊ शकते ते) २४च्या आसपास येतं, म्हणजे चांगल्या पॅडचा कूलर २७-२८ची हवा देतो, तीही दोनशे वॉटच्या आसपास. दुपारी बैठकीत कूलर आणि समोरची खिडकी उघडी, रात्री झोपायच्या खोलीत एसी. वळवाचा पाऊस पडून गेला की किंवा जूनमध्ये दमट झालं की कूलर निकामी, मग डबीच्या आर्द्रतेच्या आकड्याकडे बघा. ६० टक्क्यांच्या वर गेला तर कूलर बंद. पाण्याचं गणितही आहेच. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी, आणि मोठा कूलर भर दुपारी तासाला दहा लिटरही पितो. बोअरच्या जड पाण्याने पॅडवर क्षार चढतात, टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाका.

बिलाचा हिशोब विचारणार असाल तर आत्ताच देतो. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात आणि वरच्या टप्प्यातलं युनिट महाग असतं. समजा एसीशिवाय घराचा वापर महिन्याला १५० आणि एसीचा रोज ७ युनिट, म्हणजे २१०. एकूण ३६०. चोवीसऐवजी सव्वीस ठेवलं तर १२ टक्के, म्हणजे साधारण २५ युनिट वाचले. साडेसहाऐवजी चारला बंद केलं तर, पहाटे एसी रांगतच असतो असं धरून, रोज एक, महिन्याला ३०. झोपायच्या खोलीतला जुना ७५ वॉटचा पंखा काढून कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा बसवला तर आठ तासांचे महिन्याला १० युनिट. राहिले २९५. वाचलेली बहुतेक युनिटं आपण पोचलेल्या सगळ्यात महाग टप्प्यातली असतात, म्हणून युनिट १८ टक्के कमी झाली तर ऊर्जा आकार त्याहून जास्त उतरतो.

प्रेषक: फीनिक्सहून

दादा, मनापासून आभार. इथून अॅप लावणाऱ्यांसाठी राहिलेलं लिहिते, कारण गडबड बहुतेक इथेच होते.

अॅपमध्ये सोलापूरसाठी वेगळं ‘घर’ तयार करा आणि त्याचं ठिकाण सोलापूर द्या. तुमच्या अमेरिकेच्या घरातच ती डबी टाकली तर वेळापत्रक फीनिक्सच्या घड्याळाने चालेल. आपण भारतापेक्षा साडेबारा तास मागे, तेव्हा रात्री सव्वानऊची आज्ञा तिकडे सकाळी पावणेदहाला पोचेल. फोन कुठे आहे ते बघून एसी बंद करणारी सोय पहिल्यांदा बंद करा. तुमचा फोन कायमच ‘घराबाहेर’ आहे, ती आईबाबांचा एसी भर रात्री बंद करेल. एकक सेल्सिअस ठेवा. वेळापत्रक डबीत साठतं की कंपनीच्या सर्व्हरवर, तेही घेण्याआधी वाचा. सर्व्हरवर असेल तर इंटरनेट गेलं की पहाटे चारची ‘बंद’ पोचत नाही. वीज जाऊन आल्यावर राउटर आधी उठावा म्हणून त्याला छोटा यूपीएस द्या.

आणि रिमोट आईच्या उशाशीच राहू द्या. अॅपमधून रिमोटला कुलूप लावायची सोय असेल तर ती वापरू नका. वयस्कर माणसाला रात्री उकडलं तर त्यांनी उठून २४ करायचं, आपली परवानगी मागायची नाही. वेळापत्रक पुढच्या वेळेला आपोआप मूळ आकड्यावर येतं.

प्रेषक: जुळे सोलापूरहून

ताई, एक राहिलं. बसवायच्या दिवशी मेकॅनिकला एसीच्या लाइनचं अर्थिंग मीटरने तपासायला सांगा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त आलं तर आधी ते बघून घ्या. उन्हाळ्यात आपली जमीन सुकते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. आठवड्याला दोन बादल्या पाणी त्यात ओतत जा म्हणावं.