पुण्याचं पाणी जड नाही, आपण ते टाकीत जड करतो

बाणेर_जुनी_सोसायटी

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीत एक जण वॉटर प्युरिफायर विकायला आला होता. क्लब हाउसमध्ये वीस-पंचवीस जण जमले. त्याने दोन ग्लास मांडले, एकात नळाचं पाणी आणि दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत विजेच्या दांड्या बुडवल्या. मिनिटभरात नळाच्या पाण्याचा तपकिरी गाळ झाला, मशीनचं पाणी होतं तसंच राहिलं. "हे तुमची मुलं पितात," तो म्हणाला. सात घरांनी तिथल्या तिथे पैसे भरले.

तो तपकिरी रंग दांडीच्या लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज होतो. त्याचं मशीन आरओचं, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबून क्षार काढणारं. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, म्हणून तिथे काही होत नाही. त्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं असतं तर तेही तपकिरी झालं असतं. मी हे सांगेपर्यंत लोक घाबरून गेले होते.

मला राग त्या विक्रेत्यापेक्षा आपल्या सगळ्यांच्या अज्ञानाचा आला. पुण्याला पाणी येतं ते पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासल्यातून. सह्याद्रीवर पडलेला पाऊस काळ्या कातळावरून थेट धरणात उतरतो, त्यामुळे ते मुळात हलकं पाणी आहे. आमच्या सोसायटीत महापालिकेची लाइन टाकीत पडते तिथे मी स्वतः टीडीएस (लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत तो आकडा) मोजला, ९० च्या आसपास आला. बोअरचा ९०० च्या वर. दोन्ही एकाच जमिनीखालच्या टाकीत अर्धं-अर्धं मिसळतं आणि वर नळाला येतं ५०० च्या घरातलं पाणी. मग १२० घरं १२० आरओ बसवतात. धरणातून मऊ आलेलं पाणी आपण जड करतो आणि पुन्हा हलकं करायला पैसे मोजतो. घरगुती आरओ साधारण एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर मोरीत सोडतो, हे वेगळंच.

२०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओ वापरायला बंदी घालावी, असं सांगितलं होतं. माझं म्हणणं असं की पुण्यात महापालिकेचं पाणी येणाऱ्या घरांत आरओ नको. बोअरची लाइन वेगळी करून ती फ्लश आणि बागेसाठी ठेवावी.

वाघोली_टॉवर_सी

तुमच्याकडे महापालिकेची लाइन आहे, म्हणून हे सुचतं. आम्ही २०२१ साली महापालिकेत आलो. टॅक्सची पावती आली, पाणी अजून आलेलं नाही. आमच्या ९६ घरांना वर्षभर टँकर. बिल्डरने हमीपत्रात काय लिहिलं होतं ते आता वाचवत नाही.

टँकर कुठल्या विहिरीवर भरला ते कोणी सांगत नाही. एका दिवशी टीडीएस ४००, दुसऱ्या दिवशी ११००. कुकरमध्ये पाच शिट्ट्या झाल्या तरी तुरीची डाळ दाण्यासारखी राहते. गीझरची कॉइल दोन वर्षांत दोनदा बदलली. नळाच्या तोंडाशी पांढरा थर, काचेच्या भांड्यांवर डाग, मुलीचे केस काथ्यासारखे. आमच्यासाठी आरओ ही चैन नाही. बंदीची भाषा बाणेरमध्ये बसून करू नका.

नववी_दहावीला_रसायन

मी हा विषय शिकवते, म्हणून दोघांच्याही म्हणण्यात एक गोष्ट नीट करते. टीडीएस आणि पाण्याचा जडपणा, म्हणजे कठीणपणा, एक नव्हे. शाळेत आपण ज्याला दुष्फेन पाणी म्हणत होतो, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. टीडीएसमध्ये सगळेच विरघळलेले क्षार आले, सोडियमसुद्धा. खिशातलं मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते पाहून आकडा दाखवतं. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात टीडीएस ५०० आणि कठीणपणा २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत चांगला. दुसरा स्रोतच नसेल तर अनुक्रमे २००० आणि ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे मीटरवर ६०० दिसलं की विष झालं, असं नाही.

डाळीचं मात्र खरं आहे. कॅल्शियम डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटवणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरतं, त्यामुळे दाणा फुटत नाही. केसांबाबत एवढंच म्हणेन की साबणाचा थर बसून ते राठ होतात. मुळापासून गळण्याचं खापर पाण्यावर लगेच फोडू नये.

जडपणाचे दोन प्रकार आहेत. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा पाणी उकळलं की खाली बसतो, पातेल्याच्या बुडाशी दिसतो तो हाच. सल्फेट, क्लोराइडचा जडपणा उकळून जात नाही. गीझरचं तापमान ५० वर ठेवलं तर थर बराच कमी बसतो. आमच्या घरी हे केल्यापासून प्लंबरला बोलवावं लागलेलं नाही.

धायरी_फाटा

इतका वेळ सगळे क्षारांवर बोलताय. क्षारांनी कुकर बिघडतो. माणूस आजारी पडतो तो जंतूंनी.

२०२५ चा जानेवारी आमच्या भागात ज्यांनी काढला, त्यांना विचारा. किरकटवाडी, नांदोशी, नांदेड गाव, सिंहगड रस्ता. गुलेन बारीचे, म्हणजे नसांवर घाला घालून हातपाय लुळे करणाऱ्या आजाराचे, २०० हून जास्त रुग्ण, बरेचसे याच पट्ट्यातले. तपासलेल्या रुग्णांपैकी काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला, जो दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतो. माझ्या शेजारचा मुलगा कॉलेजला जाणारा, महिनाभर हात उचलता येत नव्हता. आम्ही दोन महिने भाजीसुद्धा उकळून गार केलेल्या पाण्याने धुतली. त्या वेळी महापालिकेने इथले काही खाजगी आरओ प्लांटही बंद केले, कारण तिथल्याही पाण्याचे नमुने खराब निघाले. वीस रुपयांना जार आणून निर्धास्त असलेले लोक कितीतरी होते.

धरणाचं पाणी हलकं म्हणून सुरक्षित, असं कोणी इथे ठरवू नये. टीडीएस ६० असलेल्या पाण्यातही तो जंतू जगतो आणि तुमच्या मीटरला दिसत नाही.

सदाशिव_पेठ

धायरीकरांशी सहमत, आणि मूळ लेखकाशी असहमत. लहानपणी आजोबा हौदांच्या गोष्टी सांगायचे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने पेठांतल्या हौदांत पाणी यायचं. ते पाणी सतत वाहतं असायचं. आज आमच्या गल्लीत ते ठरलेल्या तासांपुरतंच येतं. पाणी बंद झालं की पाइपात दाब राहत नाही, आणि जुन्या सांध्यांतून बाजूच्या ड्रेनेजचं पाणी आत ओढलं जातं. पर्वतीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी कितीही स्वच्छ केलं तरी ते माझ्या नळापर्यंत तसंच पोहोचेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. चोवीस तास पाण्याच्या योजनेत टाक्या झाल्या, मीटर बसले, पण आमच्याकडे अजून पहाटेचीच वाट बघावी लागते. तोवर माझ्या घरी मशीन राहणार.

बाणेर_जुनी_सोसायटी

धायरी फाटा, तुमचं वाचून मी माझा धागा पुन्हा वाचला. मी जंतूंबद्दल एक ओळही लिहिली नव्हती, ते चुकलंच. पण त्यावर उपाय आरओ कसा? धरणाच्या पाण्याला जंतूंसाठी यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) पुरतो, नाहीतर उकळणं. पेठेतल्या काकांनाही माझं हेच सांगणं आहे की मशीन ठेवा, आरओचं नको.

धायरी_फाटा

यूव्हीच्या दिव्याखालून पाणी गेलं त्या क्षणापुरते जंतू मरतात. पुढे पिंपात काही गेलं तर त्याला अडवणारं काही उरत नाही. शिवाय पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की किरण आतपर्यंत पोहोचत नाहीत. क्लोरीनचं तसं नाही, ते पाण्यात शिल्लक राहतं. नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. तपासायला ओटीचे (ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे) थेंब मिळतात, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. आमच्या सोसायटीचा वॉचमन आता रोज सकाळी हे करतो आणि वहीत लिहितो. आणखी एक, क्लोरीन टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. टाकताक्षणी पंप सुरू करून काही उपयोग नाही.

उंड्री_कमिटी_सेक्रेटरी

आम्ही गेल्या वर्षी संपूर्ण सोसायटीला सॉफ्टनर बसवला. आता साबणाला फेस येतो, नळ स्वच्छ. ज्यांचं पाणी जड आहे त्यांनी घरोघरी मशीन बसवण्यापेक्षा हे करावं. एजीएममध्ये बराच वाद झाला, पण आता विरोधक खूश आहेत.

नववी_दहावीला_रसायन

अंघोळीला, कपड्यांना उत्तम. पिण्याआधी मात्र हिशेब करा. सॉफ्टनर कॅल्शियम काढतो आणि बदल्यात सोडियम सोडतो, म्हणून टीडीएस कमी होत नाही. लिटरमागे ४०० मिलिग्रॅम कठीणपणा काढला तर त्याच लिटरात साधारण १८४ मिलिग्रॅम सोडियम येतं. दिवसाला तीन लिटर पिणाऱ्याच्या पोटात साडेपाचशे मिलिग्रॅम जादा गेलं. तुमच्या सोसायटीत रक्तदाबाची गोळी घेणारे किती आहेत? माझ्या आईला डॉक्टरांनी लोणचं, पापड बंद केले आहेत. तिच्यासाठी मी सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनला पिण्याचा नळ घेतला. आणि रेझिन (सॉफ्टनरमधले कॅल्शियम धरणारे मणी) धुतल्यावर ते मिठाचं पाणी कुठे सोडता, तेही सांगा. बागेत सोडलं तर झाडं जातील.

उंड्री_कमिटी_सेक्रेटरी

ड्रेनेजला सोडतो. सोडियमचं कंपनीने सांगितलं नव्हतं. पिण्याची वेगळी लाइन किती खर्चाची पडेल, प्लंबरला विचारतो.

वाघोली_टॉवर_सी

तुमचं सगळं वाचून मी काल एक केलं. टँकर गेटवर आला तेव्हा ड्रायव्हरला म्हटलं, पाणी कुठे भरलं ते लिहून दे, मग टाकीत सोड. नमुना भरून राज्य आरोग्य प्रयोगशाळेत द्यायलाही बाटली तयार होती. तो मालकाला फोन लावून बोलला आणि टँकर घेऊन परत गेला.

संध्याकाळी सातपर्यंत ९६ घरांत पाणी नव्हतं. चौथ्या मजल्यावर दीड महिन्याचं बाळ आहे, त्याची आजी बादली घेऊन शेजारच्या सोसायटीत गेली. मला दिवसभर फोन येत होते, बरेचसे रागाचे. सातला दुसरा टँकर आला, कोणीही काही विचारलं नाही, मीही नाही.

शनिवारी कमिटीची बैठक आहे. ठरावात मी एवढंच मांडणार आहे की ठिकाण लिहून दिल्याशिवाय झडप उघडायची नाही, आणि टँकर परत गेला तर त्या दिवसासाठी दहा हजार लिटरची वेगळी टाकी भरून ठेवायची. उंड्रीवाले, तुमच्या लाइनचं काम करणाऱ्या प्लंबरचा अंदाज किती आला, ते इथे लिहाल का? टाकीची जागा मी बघून आले आहे.