काउंटीच्या आरोग्य योजनेच्या फंडात दिसणारी शिल्लक खरंच शिल्लक असते का?

केवडा:

नमस्कार मंडळी.

अमेरिकेत सरकारी नोकरीत असलेले बरेच जण इथे लिहितात, म्हणून हा धागा काढते आहे. मी मिडवेस्टमधल्या एका काउंटीच्या फायनान्स खात्यात आहे. आमचे कर्मचारी साधारण अकराशे. शेरीफचं खातं, रस्ते, कोर्ट, नर्सिंग होम, समाजकल्याण, सगळे धरून. आमची आरोग्य योजना सेल्फ-फंडेड आहे. म्हणजे दवाखान्यांची बिलं काउंटी स्वतःच्या खिशातून भरते, टीपीए (थर्ड पार्टी अॅडमिनिस्ट्रेटर, बाहेरची व्यवस्थापन कंपनी) फक्त क्लेम तपासून पैसे पोचते करते. कार्डावर मोठ्या विमा कंपनीचं नाव छापलेलं असल्यामुळे बऱ्याच कर्मचाऱ्यांना हे माहीतच नसतं.

यंदा या फंडाची देखरेख एचआरकडून आमच्याकडे आली. दर गुरुवारी टीपीएकडून एक पान येतं, शुक्रवारी तेवढी रक्कम बँकेतून जाते. पानावर तीन ओळी असतात: मेडिकल, औषधं, एकूण. कुठल्या महिन्यातल्या उपचारांचे पैसे, किती क्लेम, परत किती आले, काहीच नाही. आजवर त्यावर सही होऊन पुढे जायचं. मला तशी सही करवत नाही. हा पैसा एकट्या काउंटीचा नाही. पहाटे चारला रस्त्यावरचा बर्फ काढायला निघणारा ड्रायव्हर दर पगारातून आपला हिस्सा देतो, तोही त्यात आहे.

आता मूळ प्रश्न. 30 जूनला आमचं आर्थिक वर्ष संपलं तेव्हा फंडात 42 लाख डॉलर होते. मार्चअखेर 33 लाख होते. काउंटी बोर्डातल्या एका कमिशनरांचं म्हणणं, एवढे पैसे पडून आहेत तर 15 लाख जनरल फंडात, म्हणजे काउंटीच्या सर्वसाधारण खर्चाच्या निधीत घेऊ, पुलांच्या दुरुस्तीला होतील. दुसऱ्यांचं म्हणणं, कर्मचाऱ्यांच्या पगारातली कपात दोन महिने थांबवू. दोघंही चांगल्या हेतूनंच बोलत आहेत. पण एरवी महिन्याला साधारण 13 लाखांचे क्लेम असतात, आणि या तीन महिन्यांत लोक कमी आजारी पडले असं मला कुठेच दिसत नाही. एप्रिलमध्ये टीपीएनं आपली क्लेम प्रणाली बदलली, तेवढीच एक नवी गोष्ट.

आणखी एक. स्टॉप-लॉसचं, म्हणजे फार मोठ्या क्लेमसाठी काउंटीनं घेतलेल्या विम्याचं, नूतनीकरण जानेवारीत आहे. सध्या माणशी 2 लाखांच्या वरचा खर्च विमा कंपनी सोसते. नव्या प्रस्तावात एका सदस्यावर 6 लाखांचा लेझर (त्या एकट्यापुरती वेगळी मर्यादा) आहे. हप्ता फारसा वाढलेला नाही म्हणून ब्रोकर समाधानी आहे. हा प्रस्ताव कसा वाचायचा?

ताळा:

केवडा, तुमची शंका रास्त आहे. मी बरीच वर्षं काउंट्यांचं आणि स्कूल डिस्ट्रिक्टचं ऑडिट केलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

42 लाख हा बँकेतला आकडा आहे. फंडाची खरी स्थिती त्यातून देणी वजा केल्यावरच कळते. सरकारी हिशेबाचे नियम ठरवणाऱ्या गॅस्ब या मंडळाच्या 10 क्रमांकाच्या स्टेटमेंटप्रमाणे (ते 1989 मध्ये निघालं) उपचार होऊन गेले पण बिल अजून पोचलं नाही किंवा भरलं गेलं नाही, तेही 30 जूनचं देणं धरावं लागतं. यालाच आयबीएनआर (इन्कर्ड बट नॉट रिपोर्टेड) म्हणतात. तुमच्या ताळेबंदात ही ओळ आहे का, आणि असेल तर तो आकडा कुणी काढला, ते आधी बघा. गेल्या वर्षीचाच आकडा यंदाही तसाच ठेवलेला मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे.

15 लाख जनरल फंडात घ्यायचं म्हणाल तर त्यात मोठी अडचण आहे. समाजकल्याण खात्यातल्या काही जणांचे पगार फेडरल अनुदानातून होत असणार. त्यांच्या आरोग्य योजनेची वर्गणीही त्याच अनुदानातून या फंडात आली. म्हणजे या फंडात केंद्राचाही पैसा आहे. सेल्फ-इन्शुरन्सच्या राखीव निधीतून रक्कम दुसरीकडे वळवली तर केंद्राचा वाटा व्याजासह परत द्यावा लागतो, असं फेडरल अनुदानांच्या नियमावलीत, म्हणजे युनिफॉर्म गायडन्समध्ये (2 सीएफआर भाग 200), स्पष्ट आहे. पुलांसाठी काढलेल्या पैशाचा एक भाग वॉशिंग्टनला परत पाठवावा लागेल, हे कमिशनरांना आधीच सांगा. एरवी ते दोन वर्षांनी ऑडिटर सांगतो.

उलट बाजूही आहे. फंडात वाट्टेल तेवढं साठवूनही चालत नाही. अशा अंतर्गत सेवा फंडात साधारण 60 दिवसांच्या खर्चाएवढं खेळतं भांडवल वाजवी मानतात. त्याच्या फार वर गेलात तर खात्यांकडून जास्त आकारणी झाली, असा आक्षेप येतो. त्यामुळे "राखीव ठेवायला हवं" एवढं म्हणून भागणार नाही. किती आणि का, ते लिहून काढा आणि बोर्डाकडून धोरण म्हणून मंजूर करून घ्या.

अजून एक लक्षात ठेवा. खाजगी कंपन्यांच्या योजनांवर एरिसा हा कर्मचारी लाभ योजनांचा फेडरल कायदा असतो, मोठ्या योजनांचा वार्षिक अहवाल फॉर्म 5500 वर सरकारकडे जातो. सरकारी योजना 1974 पासूनच त्यातून वगळलेल्या आहेत. त्यामुळे तुमच्याकडे बाहेरून बघणारे डोळे कमी. गुरुवारच्या त्या पानाबद्दल तुम्ही प्रश्न विचारला नाही तर बहुधा कुणीच विचारणार नाही.

नदीकाठ:

ताळा यांना अनुमोदन. आयबीएनआरचा हिशेब मी रोज करते, तर तुमच्याच आकड्यांवर मांडून दाखवते.

टीपीएकडून लॅग रिपोर्ट मागवा. आडव्या ओळीत उपचाराचा महिना, उभ्या रकान्यात पैसे दिल्याचा महिना. समजा एका महिन्यातल्या उपचारांचा खर्च अखेरीस 13 लाख होतो. त्यातले 3 लाख त्याच महिन्यात जातात, पुढच्या महिन्यात 6, मग 2, मग 1 आणि शेवटचा 1. (तुमचा खरा साचा तुमच्या रिपोर्टवरूनच काढायचा, हे फक्त उदाहरण.) मग 30 जूनला जूनचे 10 लाख द्यायचे राहिलेले असतात, मेचे 4, एप्रिलचे 2, मार्चचा 1. बेरीज 17 लाख. सगळं सुरळीत चालू असतानाही एवढं देणं डोक्यावर असतंच.

आता खरी काळजीची गोष्ट. हा हिशेब पैसे नेहमीच्या वेगानं जात आहेत असं धरून केलेला असतो. टीपीएनं प्रणाली बदलली की वेग मंदावतो. क्लेम रांगेत अडकतात, शुक्रवारची रक्कम कमी होते आणि फंड फुगतो. आजारपण तेवढंच असतं. देशभरात हे 2024 मध्ये दिसलं. फेब्रुवारीत चेंज हेल्थकेअर या दवाखान्यांची बिलं पुढे पोचवणाऱ्या कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि अनेक दवाखान्यांची बिलं पुढे जाणंच अडलं. तेव्हा ज्या योजनांनी फक्त दिलेल्या पैशांकडे पाहिलं, त्यांना खर्च घटल्यासारखा वाटला असणार.

तुमचे 9 लाख वाढले ते मार्च ते जूनमध्ये, आणि बदल झाला एप्रिलमध्ये. मला तरी हा योगायोग वाटत नाही. टीपीएला आजच लिहा: 30 जूनला आलेले पण न भरलेले क्लेम किती, त्यातले 30 दिवसांहून जुने किती, आणि त्यांची अंदाजे देय रक्कम किती. दवाखान्यानं लावलेली रक्कम नको, करारातल्या सवलतीनंतरची हवी. दोन्हींत खूप फरक असतो. याच काळात पीबीएमकडून (योजनेच्या औषधांचा व्यवहार बघणाऱ्या कंपनीकडून) औषधांच्या रिबेटचा, म्हणजे परत मिळणाऱ्या सवलतीचा, चेक आला असेल तर तोही वेगळा काढा. तो कित्येक महिने मागच्या औषधांचा असतो.

अबोली:

मी बेनिफिट्सच्या बाजूला काम करते. स्टॉप-लॉसबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

लेझर म्हणजे त्या एका माणसासाठी तुमची मर्यादा 2 लाखांऐवजी 6 लाख. मधले 4 लाख तुमचे. हप्ता वाढला नाही कारण जोखीम तुमच्याकडे सरकवली. ब्रोकरला म्हणा, लेझरशिवायचा दर लेखी आणा. मग 4 लाख आणि हप्त्यातला फरक शेजारी ठेवा. पुढच्या वर्षांसाठी "नवा लेझर नाही, दरवाढीला कमाल मर्यादा" असं कलम मिळतं का तेही विचारा. त्या सदस्याचं नाव फायनान्सला कळायची गरज नाही, सांकेतिक क्रमांक आणि रक्कम पुरेशी आहे. गाव लहान असतं, नुसत्या खात्याच्या उल्लेखावरून माणूस ओळखू येतो. बोर्डाच्या खुल्या बैठकीत तर हा विषय फार जपून मांडा.

त्याहून महत्त्वाचं, करार कुठल्या प्रकारचा आहे ते बघा. 12/12 असेल तर उपचारही त्या वर्षातला हवा आणि पैसेही त्याच वर्षात गेलेले हवेत. नदीकाठ म्हणतात तशी रांग डिसेंबरपर्यंत राहिली तर नोव्हेंबरची शस्त्रक्रिया जानेवारीत भरली जाईल. जुना करार म्हणेल मुदत संपली, नवा म्हणेल उपचार आधीचा. सगळा भार फंडावर. 12/15 असेल तर नंतरचे तीन महिने मिळतात. नसेल तर नव्या करारात मागचे क्लेम धरणारं कलम आत्ताच मागा. डिसेंबरात कुणी देणार नाही.

कपात थांबवण्याबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. सगळी देणी आणि राखीव धरून खरंच पैसे उरत असतील तर त्यात कर्मचाऱ्यांचा वाटा आहे आणि तो त्यांच्याकडे जायला हवा. पण दोन महिने कपात बंद आणि पुढच्या जानेवारीत दणकून वाढ, असं झालं की लोकांचा विश्वास जातो. त्यापेक्षा पुढच्या वर्षीची वाढ कमी ठेवा.

केवडा:

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितलेले प्रश्न जसेच्या तसे टीपीएला पाठवले. आधी "अशी माहिती आम्ही नेहमीच्या रिपोर्टमध्ये देत नाही" असं उत्तर आलं. करारातलं ऑडिटचं कलम दाखवल्यावर यादी आली.

नेहमीपेक्षा जास्त साठलेले क्लेम साधारण 7 लाखांचे आहेत. उरलेल्या 2 लाखांत मोठा भाग मे महिन्यात जमा झालेल्या रिबेटचा आहे. आमच्या स्वतःच्या लॅग रिपोर्टवरून नेहमीचा आयबीएनआर 17 लाखांच्या आसपासच येतो. म्हणजे 42 मधून 24 गेले, उरले 18. महिन्याचे 13 लाख क्लेम आणि वर टीपीएची फी, स्टॉप-लॉसचा हप्ता धरला तर 60 दिवसांचा खर्च 27 लाखांच्या पुढे जातो. लेझरचे 4 लाख अजून यात धरलेलेच नाहीत. ताळेबंदात आयबीएनआर होता, पण तो तीन वर्षं एकच होता: 11 लाख.

करार 12/12 चाच निघाला. ब्रोकरला काल लिहिलं आहे, लेझरशिवायचा दर आणि मागच्या क्लेमचं कलम, दोन्ही मागितलं आहे.

मंगळवारी कमिशनरांपुढे एक पान ठेवणार आहे. त्यात बँकेतली रक्कम, दोन प्रकारची देणी, उरलेली रक्कम आणि केंद्राच्या वाट्याबद्दल दोन वाक्यं असतील. गुरुवारच्या मागणीसोबत उपचाराच्या महिन्यानुसार फोड आल्याशिवाय सही होणार नाही, हेही टीपीएला लेखी कळवलं आहे. पहिली फोड या आठवड्यात आली.

नदीकाठ, एक विचारायचं राहिलं. रांग हळूहळू निवळेल तेव्हा शुक्रवारच्या रकमा एकदम वाढतील. तेव्हा साच्यात एप्रिल ते जून हे तीन महिने धरायचे की वगळायचे?

नदीकाठ:

वगळा. जानेवारी ते मार्चचा आणि त्याआधीच्या वर्षाचा साचा वापरा, साठलेले क्लेम वेगळ्या ओळीत दाखवा आणि दर महिन्याला ती ओळ किती खाली येते ते तपासा. रांग संपून वेग पुन्हा स्थिर झाला की नव्या प्रणालीचा साचा पहिल्यापासून काढा, तो जुन्यासारखाच असेल असं गृहीत धरू नका. पान तयार झालं की इथे टाका, आकडे ताडून देते.