एपिक युनिव्हर्स (ऑरलँडो): पाच वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे सोबत असताना एक दिवस पुरेल का?

निशिगंध
जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ऑरलँडोला जायचं ठरतंय. युनिव्हर्सलचं नवं पार्क, एपिक युनिव्हर्स, एकच दिवस. माणसं सहा: आम्ही दोघं, मुलगा ११ वर्षांचा (१४२ सेंमी), मुलगी ५ वर्षांची (१०६ सेंमी), पुण्याहून येणारे सासू-सासरे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, सासूबाई शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. तिकीट महाग आहे, त्यामुळे कोणाला काय झेपेल, कशासाठी रांग लावायची आणि कशावर सरळ फुली मारायची, हे आधी ठरवायचंय. "मस्त आहे, जाच" एवढंच नको, नेमकं सांगा.

तिरपा_डोळा
आधी उंची. तिथे वय कोणी विचारत नाही, पट्टी लावतात. तीन आकडे लक्षात ठेवा: ३४ इंच (८६ सेंमी), ४० इंच (१०२ सेंमी) आणि ४८ इंच (१२२ सेंमी).

१०६ सेंमीला ४० इंचवाल्या सगळ्या राइड मिळतात: मारिओ कार्ट, माइन-कार्ट मॅडनेस, हिकप्स विंग ग्लायडर्स, कर्स ऑफ द वेअरवुल्फ आणि हॅरी पॉटरच्या भागातली, जादूच्या मंत्रालयातली मोठी राइड, बॅटल ॲट द मिनिस्ट्री. योशीच्या संथ राइडला ३४ इंच पुरतात. ४८ इंचवाल्या तीन मात्र तिला मिळणार नाहीत: स्टारडस्ट रेसर्स, मॉन्स्टर्स अनचेन्ड आणि ड्रॅगन रेसर्स रॅली. शिवाय ४८ इंचांखालच्या मुलांसोबत मोठं माणूस लागतं, म्हणजे तिच्या प्रत्येक राइडला तुमच्यापैकी एकजण अडकलेला. हे धरूनच वेळ आखा.

मिळतं म्हणजे आवडेलच असं नाही. वेअरवुल्फची उंची ४० इंच असली तरी डबा रुळावर धावता धावता स्वतःभोवती फिरतो आणि आजूबाजूचं वातावरण भुताटकीचं आहे. पाच वर्षांच्या मुलीला त्यापेक्षा विंग ग्लायडर्स बरं. ताशी ७२ किमी वेग, उलटं-सुलटं काही नाही, सगळं उघड्यावर. पहिला रोलर कोस्टर म्हणून याहून चांगला त्या पार्कात नाही. मंत्रालयाची राइड अंधारी आहे, मोठे पडदे आणि हलणारी गाडी एकत्र आहेत, त्यामुळे गाडी लागणाऱ्यांनी आधी विचार करावा.

मुलाला स्टारडस्ट रेसर्सवर नेलंच पाहिजे. दोन गाड्या शेजारच्या रुळांवरून शर्यत लावतात, वेग ताशी १०० किमी, सर्वात उंच जागा सुमारे ४० मीटर. मध्ये एका ठिकाणी दोन्ही रूळ एकमेकांभोवती पीळ घालतात आणि समोरची गाडी डोक्यावरून जाताना दिसते. खिशात काहीही चालत नाही: आधी लॉकर, मग मेटल डिटेक्टर. नाणं, किल्ली, फोन राहिला की परत मागे. रांगेत शिरण्याआधीच खिसे उलटे करून बघा.

लोलक
वरच्या प्रतिसादात माइन-कार्ट मॅडनेस एका ओळीत उरकलंय. तुमचा दिवस तिथेच अडकण्याची शक्यता जास्त, म्हणून सविस्तर.

गाडी तुटलेल्या रुळावरून उडी मारून पलीकडे जाते असं दिसतं. दिसणारा रूळ खोटा आहे. खरा रूळ खाली लपवलेला आणि वरची खाणगाडी त्याला एका दांड्याने जोडलेली. त्यामुळे डोळ्यांना समोर खड्डा दिसतो आणि गाडी मात्र बिनधास्त पुढे जाते. कल्पना झकास आहे, पण तिची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. वरची गाडी दांड्यावर असल्याने वेग फार नसतानाही धक्के आणि हिसके जाणवतात. मानेचा-कंबरेचा त्रास असलेल्यांनी बसू नये. आणि एका गाडीत माणसं फक्त चार, त्यामुळे तासाभरात थोडीच माणसं बसतात.

कोणत्याही कोस्टरवर रुळाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एकाच वेळी एकच गाडी असू शकते. स्टेशनात कोणाचा पट्टा लागायला वेळ गेला, की मागची गाडी थांबते, मग तिच्या मागची. छोट्या गाड्या भरपूर असल्या की हे थांबणंही जास्त. शिवाय माइन-कार्टचा रूळ उघड्यावर. वीज चमकली की बंद, आणि पुन्हा सुरू करताना आधी रिकाम्या गाड्या फिरवून बघतात. म्हणून पाटीवर ९० मिनिटं लिहिलेली असली तरी दुपारी ढग भरून आले असतील तर त्या रांगेत उभं राहू नका.

सकाळी दार उघडल्यावर दोनच पर्याय: माइन-कार्ट किंवा मंत्रालय. तुमच्याकडे छोटी मुलगी आहे, म्हणून मी माइन-कार्ट म्हणेन. मंत्रालयाची रांग आत, वातानुकूलित आहे, ती दुपारच्या पावसात लावली तरी चालते आणि तो भव्य दालनाचा भाग बघण्यासारखा आहे. माइन-कार्टच्या रांगेला तेवढं छप्पर नाही.

मारिओ कार्टबद्दल एक: डोक्यावर पट्टा घालायचा, त्याला काच चुंबकाने चिकटते. बहुतेकांना "चित्र नीट दिसलं नाही" वाटतं कारण पट्टा सैल असतो. मागची चकती फिरवून घट्ट करा, काच डोळ्यांसमोर सरळ आणा. चष्म्यावरून बसते. बाण दिसेल त्या दिशेला चाक वळवायचं. नुसतं शत्रूवर मारत बसलं तर नाणी कमी मिळतात. वेगाची अपेक्षा ठेवू नका, गाडी सावकाश चालते. मनगटावरचा पॉवर-अप बँड वेगळा विकत घ्यावा लागतो. भिंतीवरच्या खेळांच्या किल्ल्या आणि नाणी त्यात जमा होतात. राइडसाठी तो लागत नाही. दोघां मुलांत एकच घेतला तर भांडण ठरलेलं, हे तेवढं बजेटमध्ये धरा.

मेथीचा_ठेपला
सासू-सासऱ्यांविषयी कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो.

त्यांना चालतील अशा गोष्टी: मधल्या सेलेस्टिअल पार्कातली चक्री (कॉन्स्टेलेशन कॅरोसेल), योशीची संथ राइड आणि दोन कार्यक्रम. ड्रॅगनच्या गावातलं (आइल ऑफ बर्क हा भाग) 'द अनट्रेनेबल ड्रॅगन' आत, थंडगार सभागृहात होतं आणि ड्रॅगन प्रेक्षकांच्या डोक्यावरून उडतो. हॅरी पॉटरच्या पॅरिसमधलं 'ल सर्क आर्कानस' सुद्धा तसंच. दोन्हींच्या वेळा सकाळीच पार्कच्या ॲपवर बघून घ्या आणि कडक उन्हाच्या वेळी त्या बसवा. सभागृह भरलं की दार बंद करतात.

उन्हाची गोष्ट खरीच गंभीर आहे. पार्क २२ मे २०२५ ला उघडलं, झाडं अजून कोवळी. सेलेस्टिअल पार्कात कारंजी आणि हिरवळ आहे पण सावली बेताची, निन्टेंडोच्या भागात तर जवळजवळ नाहीच. जूनमध्ये दुपारी विजांसह पाऊस बहुतेक रोजचा. छत्रीपेक्षा पोंचो, कारण छत्री रांगेत अडचण होते. गुडघ्यांसाठी व्हीलचेअर दाराशीच भाड्याने घ्या, मध्येच लागली तर परत इतकं चालत यायचं. विजेवरच्या स्कूटर मोजक्या, लवकर संपतात. साडी नको, पंजाबी ड्रेस आणि मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट.

खाणं. युनिव्हर्सल किरकोळ खाऊ आत नेऊ देतं. शीतपेट्या, काचेच्या बाटल्या आणि गरम करावं लागणारं अन्न नको; पाण्याची प्लास्टिकची बाटली २ लिटरपर्यंत चालते. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी कोरडी, लाडू – दिवस निघतो. दही नेऊ नका, उन्हात आंबेल. थंड पाणी कुठल्याही खाण्याच्या काउंटरवर पेल्यात फुकट मिळतं, मागावं लागतं.

विकतचं घ्यायचं तर 'पिझ्झा मून' हे पिझ्झ्याचं ठिकाण सोपं. "व्हेजिटेरियन" म्हणून थांबू नका. अंडं, जिलेटिन आणि मांसाचा रस्सा हे तीन शब्द वेगवेगळे विचारा. ड्रॅगनच्या गावात पावाच्या कोनात मॅकरोनी-चीज मिळतं, त्यावर मांस असलेले प्रकारही असतात, तेव्हा साधं मागा आणि पावात अंडं आहे का तेही विचारा.

ओलावा
धागा पळवतेय, माफ करा. आमची मुलगी १००.५ सेंमी आहे. बूट घालून मोजतात ना? मग जाड तळव्याचे चालतील?

तिरपा_डोळा
@ओलावा, बूट घालून मोजतात, पण आत गादी घातलेले किंवा उंच टाचांचे दिसले तर काढायला लावतात. नेहमीच्या बुटांचा तळवा दीड-दोन सेंमीचा असतो, त्यात जमू शकेल. अंबाडा किंवा केसांचा फुगा मोजत नाहीत. पाठीचा कणा दिवसभरात दबतो, संध्याकाळी मूल थोडं बुटकं भरतं, म्हणून काठावरच्या मुलांना सकाळीच मोजून घ्या. नाही म्हटलं तर वाद घालू नका, दुसऱ्या दारावरही तीच पट्टी आहे.

निशिगंध
खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. दोन शंका: मुलगा आणि आम्ही दोघंही स्टारडस्टवर जायचं म्हटलं तर मुलीचं काय? आणि एक्सप्रेस पास (राइडच्या छोट्या रांगेचा जादा पैशांचा पास) घ्यावा का?

लोलक
सासू-सासरे चक्रीपाशी तिला सांभाळत असतील तर प्रश्नच नाही. नसतील तर 'चाइल्ड स्वॅप' मागा, पैसे लागत नाहीत. रांगेच्या तोंडाशीच सांगायचं. सगळ्यांनी मिळून रांग पार करायची, एकजण मुलीबरोबर खोलीत थांबतो, दुसरा बसून येतो, मग अदलाबदल. मुलाला दोन्ही वेळा बसू देतात का ते तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा.

एक्सप्रेसबाबत नीट बघा: युनिव्हर्सलच्या महागड्या हॉटेलांत खोलीबरोबर मिळणारा फुकटचा एक्सप्रेस जुन्या दोन पार्कांसाठी आहे, एपिकसाठी नाही. एपिकचा वेगळा घ्यावा लागतो. सहाही जणांचा घेऊ नका. सासऱ्यांच्या योशी आणि चक्रीसाठी तो वाया जाईल. घ्यायचाच तर मुलगा आणि एक पालक एवढ्यांचाच. आणि घेण्याआधी त्या दिवशी कोणत्या राइड त्यात धरल्यात ती यादी वाचा.

संध्याकाळी भुताटकीच्या भागात (वेअरवुल्फ आहे तिथे) पवनचक्कीची पाती पेटतात, अंधार पडल्यावर जास्त छान दिसतं. मुलगी तोवर झोपली तर तिच्यासाठी बाबागाडी सकाळीच घेऊन ठेवा.