अनुभव धागा : पहिले वेब पान करताना कुठे अडलात?

संयोजक, आर्वी (जि. वर्धा)

वेब पाने तयार करण्याची मुळाक्षरे विदर्भातल्या गावांत राहूनच ज्यांनी गिरवली, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, अशी विनंती आहे. मिळालेल्या प्रमाणपत्रांची माहिती नको. पहिले पान कुठे अडले, कशामुळे अडले आणि कसे सुटले, एवढेच लिहावे. सुरुवात मी करतो.

२००८ साली तालुक्याच्या एका संगणक वर्गात मी नाव घातले. तेथे पानाची सगळी मांडणी टेबलांनी करायला शिकवत : डावीकडच्या रकान्यात दुवे, उजवीकडे मजकूर, वरच्या आडव्या ओळीत गावाचे नाव. मजकुराची रचना एचटीएमएलने सांगायची आणि त्याचे रूप सीएसएसने ठरवायचे, ही विभागणी १९९६ सालीच अधिकृत झाली होती, पण आमच्या सरांच्या वहीपर्यंत ती पोहोचली नव्हती. पुढे लोक फोनवर पाने पाहू लागले, तेव्हा माझी टेबले पडद्याबाहेर जाऊ लागली आणि एकेक ओळ वाचायला पान बोटाने इकडून तिकडे सरकवावे लागे. ती सगळी पाने मला पुन्हा लिहावी लागली.

मेहकर (जि. बुलढाणा), छपाई व्यावसायिक

लग्नपत्रिका आणि बिलबुकांचे डीटीपी करत असल्याने मराठी टंकनाची मला सवय होती, आणि नेमकी तीच नडली. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर संगणक इंग्रजी अक्षरे म्हणूनच साठवतो. त्यांना मराठी रूप तेवढे फॉन्ट देतो. त्यामुळे दुकानात उत्तम दिसणारे पान भाच्याच्या फोनवर इंग्रजी अक्षरांचा नुसता कालवा होऊन उघडले. मी सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणला. त्या रूपांतरात रफार आणि काही जोडाक्षरे बिघडली, ती हाताने दुरुस्त केली. एवढे करून नोटपॅडमध्ये फाइल जतन केली आणि दुसऱ्या दिवशी उघडली, तर मराठीच्या जागी सगळीकडे प्रश्नचिन्हे! त्या काळच्या विंडोजमधले नोटपॅड आपणहून एएनएसआय पद्धतीने जतन करत असे आणि तिच्यात देवनागरीला जागाच नाही. तशी सूचना ते देत असे, पण ती इंग्रजीत होती आणि मी न वाचताच ‘ओके’ दाबले होते. गेलेला मजकूर परत मिळाला नाही. जतन करताना यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवण्याची पद्धत) निवडायचे आणि पानाच्या शीर्षभागात तीच संकेतपद्धती नोंदवायची, या दोन गोष्टी मी आता संगणकाशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवल्या आहेत.

वरुड (जि. अमरावती), संत्रा बागायतदार

मेहकरच्या दादांना अक्षरांनी छळले, मला फोटोंनी. मृग बहराचा माल व्यापाऱ्यांना घरबसल्या दाखवता यावा म्हणून मी बागेचे पान केले. माझ्या संगणकावर नऊही फोटो दिसत, नागपूरच्या व्यापाऱ्याला मात्र नऊ रिकाम्या चौकटी. कारण फोटोंचा पत्ता मी माझ्या ‘सी’ ड्राइव्हपासून लिहिला होता आणि तो ड्राइव्ह त्याच्याकडे कुठून असणार? फोटो पानाशेजारच्या फोल्डरमध्ये ठेवून तेथला पत्ता दिला, तेव्हा ते दिसू लागले, पण रेंगाळत. रुंदी ३०० पिक्सेल लिहिली की फोटो हलका होतो, असा माझा समज होता. प्रत्यक्षात ब्राउझर चार एमबीची अख्खी फाइल उतरवून घेतो आणि मग ती लहान करून दाखवतो. फोटोच आधी ८०० पिक्सेल रुंदीचे करून घेतल्यावर बांधावरच्या कमजोर नेटवर्कवरही पान उघडू लागले.

मुर्तिजापूर (जि. अकोला)

वरच्या अनुभवात माझी एक भर. फाइलच्या नावातली इंग्रजी अक्षरे कॅपिटल की स्मॉल, हा फरक विंडोज सहसा मानत नाही, पण लिनक्सवर चालणारा सर्व्हर (पान जेथून सगळ्यांना दिसते तो संगणक) मानतो. याच एका कारणाने माझे दोन दिवस वाया गेले.

दारव्हा (जि. यवतमाळ), शिक्षिका

शाळेच्या पानाचे शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून मी सीएसएसमध्ये अक्षरांतील अंतर वाढवले. इंग्रजी पाठात ते सुरेख दिसत होते. सातवीतल्या मुलीने फोन पाहून विचारले, “मॅडम, अक्षराईवरची रेघ तुटली काय?” खरोखरच शिरोरेखेचे तुकडे पडले होते. ते अंतर पुन्हा शून्य केले, आणि वेलांट्या व मात्रा वरच्या ओळीतल्या उकारांना टेकत होत्या म्हणून ओळींमधले अंतर वाढवले. शिकवणीचे बहुतेक धडे रोमन लिपी समोर ठेवून तयार केलेले असतात, त्यामुळे हे कोणी सांगत नाही, अशी माझी तक्रार आहे.

आरमोरी (जि. गडचिरोली), विद्यार्थी

माझ्याकडे लॅपटॉप नाही, त्यामुळे सगळे पान फोनवरच लिहिले. गावच्या मंडईतल्या (म्हणजे जत्रेतल्या) झाडीपट्टी नाटकांच्या तारखा त्यावर होत्या, पण एकही दुवा उघडेना. फोनचा कीबोर्ड सरळ अवतरणचिन्हांच्या जागी आपणहून वळणदार चिन्हे घालत होता आणि ब्राउझर त्यांना पत्त्याचाच भाग समजत होता. ती सोय बंद केली आणि दुवे चालू लागले. आता नाटकाच्या आगाऊ नोंदणीसाठी पानावर अर्ज ठेवायचा आहे. अर्जाच्या चौकटी एचटीएमएलने उमटल्या, पण भरलेली माहिती साठवून ठेवणे एकट्या एचटीएमएलचे काम नाही, असे कळले. आपल्यापैकी कोणी हे केले असल्यास कृपया सविस्तर लिहावे. मंडई जवळ आली आहे.