अपरमिलच्या व्हिट फ्रायडेला सकाळी वाजायची ती संथ धून कुठली?

अपरमिलची_मुलगी:
इंग्लंडात उत्तरेकडे राहणाऱ्या कुणाला सांगता येईल का बघा. १९७९ ते ८६ आम्ही ओल्डहॅमजवळ अपरमिलला होतो, बाबा डॉक्टर होते, माझी सगळी प्राथमिक शाळा तिथेच झाली. मे-जूनमध्ये व्हिट फ्रायडे (ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारानंतरचा शुक्रवार) यायचा म्हणजे आमच्या गल्लीत दिवाळीच, मुलींना नवे फ्रॉक, आई रात्री जागून माझा शिवायची, आणि सकाळी शेजारच्या आजींकडे दाखवायला गेलं की त्या फ्रॉकच्या खिशात नाणं टाकायच्या, तशी पद्धतच होती तिथे. मग चर्चचे मोठे रंगीत बॅनर घेऊन मिरवणूक, पुढे पितळी वाद्यांचा ब्रास बँड, मागे आम्ही पोरं. मी ख्रिश्चन नाही वगैरे कुणी कधी विचारलं नाही, बॅनरची रिबन हातात दिली की चालायचं.

बँड कोपऱ्यावर थांबला की वाजवणारे काका वाद्य तिरकं करून त्यात श्वासाने साठलेलं पाणी रस्त्यावर सोडायचे, मला वाटायचं हे घरून पाणी भरूनच आणतात. आणि मग एक अगदी संथ धून सुरू व्हायची, खालच्या आवाजातून वर येणारी, आणि बायका गायला लागायच्या. शेजारच्या आजी हातातली पिशवी खाली ठेवून सरळ उभ्या राहायच्या आणि गायच्या. त्यांचं सगळं आयुष्य गिरणीत गेलेलं. शब्द आठवत नाहीत, फक्त 'स्वीट' होतं सुरुवातीला, कारण मला दरवर्षी वाटायचं आता गोळ्या वाटणार.

चाळीस वर्षं ही धून डोक्यात आहे, नाव माहीत नाही. कुठली असेल? आणि हे सगळं अजून होतं का तिथे? मुलीला एकदा दाखवायचंय.

डरहॅमचा_पाहुणा:
ताई, माझा अंदाज 'ग्रेसफर्ड'. मी दोन वर्षं डरहॅमला शिकायला होतो, तिथे जुलैच्या दुसऱ्या शनिवारी खाणकामगारांचा मेळा भरतो, बिग मीटिंग म्हणतात, १८७१पासूनचा. एकेका गावाचा बॅनर आणि त्यामागे बँड. ग्रेसफर्ड ही वेल्समधली खाण, १९३४ साली स्फोटात २६६ माणसं गेली, त्यांच्यासाठी रॉबर्ट सेंट नावाच्या खाणकामगारानेच ही धून बांधली. ती सुरू झाली की हजारो लोक एकदम गप्प होतात, माझ्या शेजारी एक आडदांड म्हातारा टोपी छातीशी धरून उभा होता तो चेहरा मी विसरणार नाही. तुम्ही सांगताय ते वर्णन तसंच वाटतंय.

हॉर्नवाल्याची_आई:
दादा धून फार सुंदर आहे पण ही ती नसावी. ग्रेसफर्डला शब्द नाहीत, आणि ताईंच्या आठवणीत बायका गातायत. शिवाय डरहॅम खाणीचा मुलूख, सॅडलवर्थ (अपरमिलचा सगळा परिसर) म्हणजे लोकरीच्या आणि सुताच्या गिरण्या. मी गेली अकरा वर्षं हडर्सफील्डला आहे, तिथून अपरमिल डोंगर ओलांडला की आलंच.

माझं म्हणणं, ही 'डीप हार्मनी'. हँडल पार्कर म्हणून शिप्लीचे संगीतकार होते त्यांची चाल आणि शब्द आयझॅक वॉट्सचे, पहिली ओळ 'स्वीट इज द वर्क'. तुमचा 'स्वीट' तिथलाच असणार! इकडे यॉर्कशायर-लँकेशायरच्या बँडवाल्यांना ही चाल झोपेत येते. माझा मुलगा टेनर हॉर्न वाजवतो, गावच्या बँडने वाद्य वापरायला दिलंय, आणि त्यांची प्रॅक्टिस अशाच संथ हिम्सने, म्हणजे चर्चमधल्या भजनांनी, सुरू होते. फास्ट तुकडा बोटांच्या जोरावर निभावतो, पण लांब सूर धरला की कुणाचा श्वास कुठे तुटतो ते लगेच कळतं. ऐकून बघा आणि नक्की सांगा.

आणि हो, अजून होतं! २०२० आणि २१ला कोविडमुळे बंद होतं, २०२२पासून परत सुरू. सकाळच्या मिरवणुका तुम्ही सांगितल्यात तशाच. संध्याकाळच्या स्पर्धा तुम्हाला आठवतात की नाही माहीत नाही, त्या १८८४पासून आहेत. सॅडलवर्थ आणि खाली टेमसाइडच्या वीसेक गावांत एकाच संध्याकाळी वेगवेगळ्या स्पर्धा, बँड बसमधून उतरतो, रस्त्यावर रांगा लावतो, एक मार्च वाजवत गावातून जातो, मग एका जागी उभं राहून दुसरा मार्च परीक्षकासाठी वाजवतो आणि पळत बसमध्ये, पुढचं गाव. परीक्षक पडदे लावलेल्या कॅराव्हॅनमध्ये किंवा माडीवरच्या खोलीत बसलेला, कुठला बँड आलाय त्याला दिसता कामा नये, फक्त कानावर निकाल. त्यामुळे देशातला नावाजलेला बँड आणि आमच्यासारखा पोरासोरांचा बँड एकाच रांगेत उभे असतात. गेल्या वर्षी आमची रात्री दहा वाजता शेवटची पाळी, पाऊस, अंधार, पोराचं स्वरांचं छोटं कार्ड हॉर्नच्या चिमट्यात भिजून लोळागोळा झालेलं, तरी पूर्ण वाजवलं कारण पाठच होतं.

आपल्याकडच्या बँडपेक्षा एक फरक सांगते, यात क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही, ट्रम्पेटसुद्धा नाही. कॉर्नेट, फ्लूगलहॉर्न, टेनर हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम, ट्रॉम्बोन आणि मोठे बेस, स्पर्धेच्या पूर्ण बँडमध्ये हे वाजवणारे पंचवीस आणि वर तालवाद्यं. म्हणून तो आवाज असा गोल आणि ऊबदार येतो.

लालबागचा_नातू:
मी तिकडे कधी गेलो नाही पण ओल्डहॅम नाव वाचून थांबलो. माझे आजोबा गिरणीत होते, 'प्लॅटचं मशीन' हा शब्द त्यांच्या तोंडी कायम, मोठा झाल्यावर कळलं की प्लॅट ब्रदर्स ही ओल्डहॅमची कंपनी, दावरांनी १८५४ला मुंबईत पहिली सूतगिरणी काढली त्यालाही यंत्रं त्यांचीच. आमच्याकडे ८२च्या संपानंतर एकेक गिरणी गेली आणि तिथे टॉवर आले. तिकडे पण गिरण्या बंदच झाल्या ना, मग बँड कसे टिकले? पैसा कुठून येतो? खरंच जाणून घ्यायचंय.

हॉर्नवाल्याची_आई:
बरेचसे नाहीच टिकले हो. जे टिकले त्यात बऱ्याच ठिकाणी वाद्यं आणि बँडरूम बँडच्याच ताब्यात राहिली, गिरणी-खाणीचा मालक गेला तरी. ब्रिगहाउस अँड रॅस्ट्रिक तर सुरुवातीपासूनच लोकवर्गणीवर उभा राहिलेला बँड, आणि १९७७ला त्यांची रेकॉर्ड इथल्या चार्टमध्ये दोन नंबरपर्यंत गेली होती. ग्रिमथॉर्पचा बँड खाणीचा, ऑक्टोबर १९९२ला खाण बंद करणार म्हणून जाहीर झालं आणि त्याच आठवड्यात ते लंडनला जाऊन राष्ट्रीय स्पर्धा जिंकले. पुढच्या वर्षी खाण बंद झाली, बँड आजही आहे. आमच्यासारखे छोटे बँड नाताळात सुपरमार्केटच्या दारात कॅरल वाजवून डबा फिरवतात, गारठ्यात पोरांचे व्हॉल्व्ह आखडतात, ते खिशात हात घालून गरम करून परत वाजवतात. वर्षाचा बराच खर्च त्या डब्यातून निघतो.

अपरमिलची_मुलगी:
तीच आहे. दुसऱ्या ओळीलाच कळलं. आईला पुण्यात फोन लावून ऐकवलं, काही सांगितलं नाही कुठली ते, ती आता ८१ची आहे. थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली एका वर्षी तुझ्या फ्रॉकची हेम सकाळी उसवली होती आणि मिरवणूक दारात आलेली, तर शेजारच्या आजींनीच गुडघ्यावर बसून टाके घातले. मला हे अजिबात माहीत नव्हतं.

डरहॅमच्या दादांचेही आभार, ग्रेसफर्ड पण ऐकली, आजोबांसाठी म्हणून लालबागच्या दादांनीही ऐकावी.

ईस्टरवरून मोजलं तर २०२७चा व्हिट फ्रायडे २१ मेला येतोय, तेव्हा जायचं ठरवतेय. सकाळी अपरमिल नक्की, संध्याकाळी कुठे उभं राहू?

हॉर्नवाल्याची_आई:
डॉबक्रॉस, अपरमिलच्या शेजारचंच गाव. चौक लहान, सगळीकडून दगडी घरं, बेसचा सूर पायाखालून येतो. दुपारीच पोचा, नंतर रस्ते बंद होतात, आणि रेनकोट विसरू नका. आईंना झेपत असेल तर त्यांनाही आणा, माझ्याकडे घडीची खुर्ची आहे, मी घेऊन येईन.